'बघतो' म्हणजे नेमकं कोण बघणार?

पत्र

बाई, मी डोंबिवलीत राहते आणि दादरला एका बँकेत नोकरी करते. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. मुलगा साडेतीन वर्षांचा. नवऱ्याची अंबरनाथला शिफ्टची नोकरी; सुट्टीच्या दिवशी तो दोघांना स्कूटरवर फिरवून आणतो, एक पुढे उभा आणि एक मागे. दिवाळीपर्यंत सासूबाई आमच्याकडे होत्या, पण सासऱ्यांची तब्येत बिघडली म्हणून त्या साताऱ्याजवळ गावी गेल्या. तेव्हापासून मुलं शेजारच्या इमारतीतल्या पाळणाघरात असतात. मागच्या महिन्यात एक दिवस पाळणाघर बंद होतं. आदल्या रात्री नवरा म्हणाला, 'मुलांचं मी बघतो.' त्याची शिफ्ट दोनची, म्हणून मी निश्चिंत कामावर गेले. त्याला ऐनवेळी लवकर बोलावलं. धाकट्याला कल्याणला नणंदेकडे सोडून तो गेला आणि मला मेसेज टाकला, 'मोठीचं तू बघ.' काउंटरवर गर्दी होती, मी तो अडीचला पाहिला. मुलगी एक दहाला व्हॅनमधून उतरली आणि दीड तास वॉचमनच्या खुर्चीशेजारी बसून होती. काही झालं नाही. पण रात्री तिने विचारलं, 'आई, तू मला विसरलीस का?' तेव्हापासून मला धड झोप नाही. नवरा म्हणतो तुझं लक्ष नसतं, मी म्हणते तुझं नसतं. प्लॅनर आणला, मोबाइलवर दोन अ‍ॅप घेतली, सगळं आठ दिवसांत बंद पडलं. नोकरी सोडू का? की मुलीला अर्धा-पाऊण तास घरी एकटं राहायला शिकवू? मला अगं-तुगंच करा. — एक आई

उत्तर

अगं, आधी तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. या कारणासाठी नोकरी सोडू नकोस. आणि आठ वर्षांच्या मुलीला, तेही साडेतीन वर्षांच्या भावासकट, घरी एकटं ठेवू नकोस. अर्धा तासही नको.

आता त्या दिवसाकडे येते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि त्या दिवशी मुलांची काळजी नसलेला एकही माणूस मला त्यात दिसला नाही. पाळणाघराच्या ताईंनी सुट्टीचं आधी कळवलं होतं. नवऱ्याने धाकट्याला पार कल्याणला पोहोचवलं. तू आदल्या रात्रीच विचारून ठेवलं होतंस. व्हॅनवाल्या काकांनी मुलीला रस्त्यावर सोडलं नाही, सोसायटीच्या आत आणून सोडलं. वॉचमनने तिला बसवून घेतलं. पाच मोठी माणसं, पाचही भली, आणि तरी दीड तास ती मुलगी कोणाच्याच हाती नव्हती.

मी अडतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका होते. शाळा सुटताना फाटकात उभं राहायचं काम मी कधी शिपायावर सोपवलं नाही. त्या अनुभवावरून सांगते, मुलं घरात हरवत नाहीत आणि वर्गातही हरवत नाहीत. हरवतात ती सांध्यात. शाळेकडून व्हॅनकडे, व्हॅनकडून पाळणाघराकडे, आईकडून बाबांकडे जाताना. दोन माणसांच्या मधल्या त्या जागेत प्रत्येकाला वाटत असतं की मूल दुसऱ्याकडे आहे.

तुमच्या सांध्यात तर एक शब्दच अडकला होता. 'बघतो.' आपल्या भाषेत या एका शब्दात केवढं काय काय मावतं! बघतो म्हणजे करतो, बघतो म्हणजे विचार करतो, बघतो म्हणजे जमलं तर करतो, आणि कधीकधी बघतो म्हणजे विषय संपव. नवरा 'मुलांचं बघतो' म्हणाला तेव्हा त्याच्या मनात बहुधा धाकटाच होता, कारण पाळणाघर बंद म्हटल्यावर सकाळपासूनचा प्रश्न त्याचाच होता. तुझ्या मनात दोघंही होती. मग त्याने 'मोठीचं तू बघ' असं लिहून टाकलं आणि त्याच्या बाजूने ते काम संपलं. तुझ्या बाजूने ते सुरूच झालं नव्हतं, कारण तू ते वाचलंच नव्हतंस. आता यात लक्ष कोणाचं नव्हतं यावर तुम्ही आयुष्यभर भांडलात तरी उत्तर सापडणार नाही.

लहानपणी आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. नळाला पहाटे पाणी यायचं आणि नळ तळमजल्यावर. मी खालच्या पायरीवर, मोठी बहीण मधल्या वळणावर आणि आई वर. भरलेला हंडा हातोहात वर जायचा. आईचा नियम एकच होता. देणाऱ्याने विचारायचं, 'धरलास?' घेणाऱ्याने म्हणायचं, 'धरला.' तो शब्द कानावर पडेपर्यंत हंडा सोडायचा नाही, हात कितीही भरून आले तरी. हंडा कधी पडला नाही असं नाही. पण पडला तेव्हा कोणीतरी 'धरला' ऐकायच्या आधी सोडला होता, हे दर वेळी कळायचं.

तुझ्या घरासाठी मला एवढाच एक नियम हवा आहे. 'बघतो' हा शब्द मुलांच्या बाबतीत बंद. त्याऐवजी नाव, वेळ आणि जागा. 'परवा एक दहाला गेटवर मी मोठीला घेणार.' समोरच्याने 'ठीक' असं नुसतं नाही म्हणायचं, तेच वाक्य परत बोलायचं किंवा लिहायचं. आणि जिच्यासाठी मेसेज आहे तिचं उत्तर आलं नाही, तर मूल अजून पाठवणाऱ्याच्याच हातात आहे असं धरायचं. दोन निळ्या खुणा म्हणजे उत्तर नव्हे. बेत बदलला असेल तर मेसेजवर भागवायचंच नाही, फोन करायचा. तू काउंटरवर आहेस आणि मोबाइल ड्रॉवरमध्ये आहे हे नवऱ्याला माहीत असतं ना? मग बँकेचा लँडलाइन नंबर त्याच्याकडे हवा, आणि तुझ्या शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीचाही.

रोजच्या दिवसासाठी एकच शब्द पुरेल. मुलगी पाळणाघरात पोहोचली की ताईंनी तुला लिहायचं, 'आली'. एक शब्द, दहा सेकंद. ताई नाही म्हणणार नाहीत, कारण त्यांनाही यात संरक्षण आहे. मोबाइलवर एक वीसचा गजर लावून ठेव. 'आली' दिसलं तर गजर बंद कर. नसेल दिसलं तर जागेवरून उठ आणि व्हॅनवाल्या काकांना फोन लाव. रांगेतली माणसं दोन मिनिटं थांबतील. नवऱ्याच्या दुपारच्या शिफ्टच्या आठवड्यात तो फोन त्याने लावायचा, त्याच्या सकाळच्या शिफ्टच्या आठवड्यात तू. दोघांनी मिळून नाही. दोघांनी मिळून म्हटलं की परत सांधा आला.

प्लॅनर बंद पडला याचं वाईट वाटून घेऊ नकोस. प्लॅनर एका माणसाच्या पिशवीत असतो, आणि तुझं काम चार-पाच माणसांत वाटलेलं आहे. तुला भिंतीवरचा कागद हवा. मोठा कागद घे, सात रकाने आखून टाक, प्रत्येक रकान्यात एवढंच लिही की सकाळी सोडणार कोण, दुपारी घेणार कोण, संध्याकाळी आणणार कोण, आणि तो माणूस अडकला तर दुसरा कोण. शिकवणी, गॅसचं बुकिंग, वाढदिवस यातलं काहीही त्यावर नको. ते मोबाइलवर राहू दे. हा कागद फक्त 'मूल कोणाकडे' याचा. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी त्याच्यासमोर उभं राहून भरायचा. नवऱ्याचं शिफ्टचं पत्रक तेव्हा समोर हवं. झाल्यावर फोटो काढून ताईंना, नणंदेला आणि गावी सासूबाईंनाही पाठव. त्या तिथे बसून काळजी करत असतील, त्यांना कळलेलं बरं.

'दुसरा कोण' हा रकाना भरताना तुझा हात अडेल. इतक्या वर्षांत मी पाहिलंय, मध्यमवर्गी आया पैसे मागण्यापेक्षा मदत मागायला जास्त लाजतात. समोरच्या दारातल्या काकूंना, वर्गातल्या एखाद्या मुलीच्या आईला सरळ जाऊन विचार. 'महिन्यातून एखाद्या वेळी असं अडलं तर तुम्ही तिला अर्धा तास घ्याल का?' एवढंच. नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नकोस, दुसरीकडे विचार. हो म्हटलं तर परतफेडही ठरवून टाक. त्यांची मुलगी रविवारी तुझ्याकडे, किंवा त्यांच्या बँकेच्या कामाला तुझा हात. असा व्यवहार असला की कोणी कोणाच्या उपकारात राहत नाही आणि वेळेला फोन करताना जीभ अडखळत नाही.

आता शाळेच्या फाटकाबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे माझ्या हातून चूक झालेली आहे आणि ती मी कधी विसरले नाही. मुख्याध्यापिका होऊन मला दुसरंच वर्ष होतं. पहिलीतल्या एका मुलाला घ्यायला त्याचा काका आला. मुलगा 'काका!' म्हणत धावत गेला, मी हसून जाऊ दिलं. तासाभराने आई आली. घरात वाद चालू होते, आई मुलाला घेऊन माहेरी राहत होती, आणि काकाला कोणी पाठवलं नव्हतं. मूल रात्री सुखरूप परत आलं. पण त्या दुपारी ती आई माझ्या खोलीत बसली होती तेव्हाचा तिचा चेहरा मला अजून दिसतो. मूल ओळखतं म्हणजे माणूस ठीक, हे मी त्या दिवसापासून मानणं सोडलं. मुलांना बहुतेक वेळा त्रास होतो तो ओळखीच्याच माणसांकडून.

म्हणून शाळेला लेखी दे की माझ्या मुलीला नेण्याची परवानगी फक्त अमुक चौघांना आहे. फोटोसकट दे. त्यातलं कोणीच येऊ शकत नसेल तर तू स्वतः वर्गशिक्षिकेला फोन करायचास, शाळा सुटायच्या निदान तासभर आधी. आणि घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेव. तुम्हा चौघांनाच माहीत असलेला, काहीतरी मजेशीर, 'कांदेपोहे' म्हण हवं तर. 'आईने पाठवलंय, चल' असं कोणी म्हटलं तर मुलीने विचारायचं, 'खुणेचा शब्द काय?' सांगता आला नाही तर जायचं नाही, बाईंकडे परत फिरायचं, मग तो माणूस काका असो की मामा. शब्द एकदा वापरला की बदलायचा. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि म्हणूनच तो टिकतो.

व्हॅनचं बोलूया. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून वेगळे नियम आहेत, पण खासगी व्हॅन आणि रिक्षांत किती मुलं कोंबतात ते तूही पाहतेस. एक दिवस अर्धी रजा टाकून शाळा सुटताना तिथे जा आणि नुसतं पाहा. किती मुलं चढतात, दार कोण लावतं, पुढच्या सीटवर कोण बसतं, सोबत मदतनीस बाई आहे का, आणि शेवटचं मूल उतरल्यावर काका मागे वळून सगळ्या सीट बघतात का. झोपलेलं मूल बंद गाडीत राहून जाणं ही घडणारी गोष्ट आहे, आणि उन्हात बंद गाडी फार लवकर तापते. काकांशी भांडायला जाऊ नकोस. पण एक गोष्ट ठाम सांग. घेणारा माणूस समोर नसेल तर मुलीला उतरवायचं नाही, व्हॅनमध्येच ठेवायचं आणि तुला फोन करायचा. त्या दिवशी काकांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

तू पत्रात ओझरतं लिहिलंयस की सुट्टीच्या दिवशी नवरा दोघांना स्कूटरवर फिरवून आणतो, एक पुढे उभा आणि एक मागे. हे थांबव. दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस बसू शकतो. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा आणि नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट लागतं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, असा केंद्राचा नियम आहे. मुलगी चार वर्षांपुढची, तिला हेल्मेट कायद्यानेच लागतं. पण नियम राहू दे. पुढे उभं असलेलं मूल ब्रेक लागला की हँडलवर आदळतं, एवढं नवऱ्याला सांग. तो बाप आहे, त्याला कळेल.

घरात मुलांना इजा होते ती बहुतेकदा घाईत, असं मी पाहिलंय. माझ्या शाळेत पट्टी बांधून आलेल्या मुलांना मी विचारायचे तेव्हा उत्तर बहुतेक तेच यायचं. घाईची वेळ, मोठ्यांचे दोन्ही हात अडकलेले. तुझ्या घरात मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती न्हाणीघरातल्या बादलीची. गीझरचं कढत पाणी बादलीत सोडायचं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून ओट्याकडे धावायचं, आणि मागे साडेतीन वर्षांचं मूल. उपाय साधा आहे. आधी गार पाणी, मग त्यात गरम, कायम याच क्रमाने. गीझरचं तापमान कमी करून ठेव. बादली भरून ठेवून न्हाणीघराबाहेर पडायचं नाही, आणि वापर झाला की ती रिकामी करून पालथी घालायची, कारण वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. तुमच्याकडे पाणी ठरावीक वेळी येतं आणि पिंप भरून ठेवावी लागतात हे मला माहीत आहे. त्या पिंपांना घट्ट झाकण, आणि न्हाणीघराच्या दाराला वर, मुलाचा हात पोहोचणार नाही तिथे कडी.

भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट नाही, तूप नाही, हळद नाही, बर्फही नाही. मग स्वच्छ कापड आणि डॉक्टर. हे पाळणाघराच्या ताईंनाही सांग, सासूबाईंनाही. आपल्याकडे टूथपेस्ट लावणारे हात फार प्रेमाने पुढे येतात आणि नुकसान करून ठेवतात.

फिनेल, अ‍ॅसिड कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नकोस. मुलाने असं काही पोटात घेतलं तर ओकायला लावायचं नाही, बाटली हातात घेऊन थेट दवाखाना गाठायचा. सासूबाई परत येतील तेव्हा त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची पिशवी खुंटीला नको, वरच्या कपाटात. रिमोट आणि खेळण्यातले चपटे बटण-सेल मोजून ठेव. गिळलेला सेल घशात अडकला तर दोन तासांत आतून भाजतो, तेव्हा सकाळपर्यंत वाट बघायची नाही. गॅलरीत कठड्याजवळ स्टूल किंवा कुंडी नको. शेंगदाणे आणि फुटाणे धाकट्याला अजून नको.

आता जे लिहायचंय ते लिहिताना मीही थांबून थांबून लिहितेय. मुलं रोज चार-पाच तास आपल्या नजरेआड असतात. तिथे कोणी त्यांना नको तसा हात लावला तर त्यांना सांगता यायला हवं, आणि सांगता येतं ते रोज बोलायची सवय असेल तरच. 'आज शाळेत काय शिकवलं?' या प्रश्नाला कुठलंच मूल नीट उत्तर देत नाही. विचार, 'आज व्हॅनमध्ये कोणाशेजारी बसलीस? पाळणाघरात झोप लागली का? आज कशाचा राग आला?' भाजी निवडताना विचार, तिच्याकडे न बघता. मुलं आपल्याकडे टक लावून बघणाऱ्या माणसाला काही सांगत नाहीत. दोघांनाही, मुलालासुद्धा, शरीराच्या सगळ्या अवयवांची खरी नावं शिकव. आई-बाबांपासून लपवायचं असं कोणतंही गुपित नसतं, हे वारंवार सांग. आणि घरी आलेल्या पाहुण्यांना 'पापी दे', 'मांडीवर बस' असा आग्रह कोणी करत असेल तर मुलाच्या बाजूने उभी राहा. स्वतःच्या अंगाला नको म्हणायचा हक्क घरातच मिळाला नाही तर बाहेर ते मूल कुठल्या तोंडाने नको म्हणेल?

आणि देव न करो, मुलाने काही सांगितलंच, तर ऐकून घे. 'खरं सांगतेस ना?' असं विचारू नकोस, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नकोस, लगेच अंघोळ घालून कपडे धुऊ नकोस. 'तू सांगितलंस ते फार बरं केलंस, तुझी काही चूक नाही' एवढं म्हण आणि १०९८ ला फोन कर. मुलांसाठीची ही हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे. तातडीने पोलीस हवे असतील तर ११२. बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, मुलगा असो की मुलगी. आणि अशी गोष्ट कळल्यावर ती पोलिसांना न कळवणं हाच त्या कायद्याने गुन्हा आहे. शाळेला किंवा नातेवाइकांना 'आपापसात मिटवू' म्हणायची मुभा नाही. राज्यात शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमण्याचा शासन निर्णय २०२२ साली झाला. तुझ्या मुलीच्या शाळेत ती आहे का, तिच्यावर कोण आहे, हे पालकसभेत उठून विचार. पाळणाघरातही महिन्यातून एकदा न कळवता जाऊन ये. चांगल्या ताईंना त्याचा राग येत नाही.

मुलीला तुझा आणि बाबांचा, दोघांचे नंबर तोंडपाठ हवेत. पाढ्यासारखे चालीवर म्हणायला लाव, दोन-तीन दिवसांत पाठ होतील. पूर्ण नाव, इमारतीचं नाव, जवळची खूण. धाकट्याला निदान आईचं खरं नाव माहीत हवं. 'आईचं नाव काय?' याला 'आई' हे उत्तर मी फाटकात कितीतरी वेळा ऐकलंय. घरी एकटं राहायची वेळ तिच्यावर दहा-अकराव्या वर्षी येईल, तेव्हा आधी दहा मिनिटं, तू खाली वाण्याकडे असताना, असं करत करत शिकव. त्या वेळीही धाकट्याची जबाबदारी तिच्यावर टाकू नकोस. ती बहीण आहे, तिला बहीणच राहू दे.

पावसाळ्याचा बेत वेगळा लिहून ठेव. २६ जुलै २००५ ला, मंगळवार होता, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या शाळेत त्या रात्री वीसेक मुलं राहिली. आम्ही चार शिक्षिका होतो, बाकांवर सतरंज्या टाकल्या, बिस्किटं वाटली, गोष्टी सांगितल्या. मुलं दोन तासांनी झोपून गेली. जागे होते ते रुळांवरून चालत निघालेले त्यांचे आई-बाप, कारण फोन बंद आणि मूल कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा आजच ठरव. लोकल बंद पडल्या आणि फोन लागला नाही तर मुलं अमुक घरी, रात्रीसुद्धा तिथेच, आणि तू पाण्यातून चालत यायचं नाहीस. ते घर कागदावर खाली ठळक लिही. त्या घरी मुलांचा एकेक कपड्यांचा जोड आणि धाकट्याचं औषध ठेवून ये.

एवढं सगळं करायला वेळ कुठून आणू, असं तू म्हणशील. दुसरं काहीतरी सोड. पोळ्या पोळीवाल्या मावशींकडून घे. गणवेशाला रोज इस्त्री नको. डबे, दप्तरं, मोजे, तुझा पास हे सगळं रात्रीच दाराजवळच्या एका टेबलावर. आणि नवऱ्याने 'मदत' करू नये, त्याने अख्खी कामं घ्यावीत. व्हॅनवाले काका, शाळेचं पत्र, लसीकरण आणि डॉक्टर ही खाती पूर्ण त्याची, विचारणं-आठवण करणंसुद्धा त्याचंच. तू फक्त पाळणाघर आणि शेजार सांभाळ. चारच दिवसांत त्याच्याही लक्षात येईल की लक्षात ठेवणं हेच केवढं मोठं काम आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कार्यालयाने पाळणाघराची सोय द्यायची, असं प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली आलं. पण डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीत मूल घेऊन दादरला जा असं मी तुला सांगणार नाही. त्याऐवजी महिन्यातले दोन दिवस तासभर उशिरा यायची मुभा साहेबांकडे लेखी माग. न मागता ती मिळणार नाही.

राहिला तुझ्या मुलीचा प्रश्न. त्याचं उत्तर तू तिला अजून दिलेलं नाहीस असं पत्रावरून वाटतं. दोघांनी तिला समोर बसवून सांगा. 'आई विसरली नव्हती. बाबाही विसरले नव्हते. तू दुसऱ्याकडे आहेस असं आम्हा दोघांना वाटलं, आणि आम्ही एकमेकांना नीट विचारलं नाही. चूक आमची होती.' आणि हेही सांग की त्या दिवशी तिने एकटीने गेटबाहेर न जाता ओळखीच्या वॉचमनदादांजवळ थांबून राहायचं ठरवलं, ते अगदी बरोबर केलं. दीड तास भूक लागलेली असताना आठ वर्षांच्या मुलीने हे केलंय. वॉचमनदादांनाही काहीतरी गोड घेऊन जा, तिच्याच हातून दे.

आणि रविवारचा तो कागद तिला लिहू दे. तिसरीतलं अक्षर मोठं असतं, ओट्याजवळूनही वाचता येईल.

— तुझी, बाई